चाखून पाहावे

कचेरीवर बाराचे टोल पडत होते. आठव्या किंवा नवव्या टोलाला बायनाबाईनं तोंडातला घास परसातल्या भिंतीकडे वळून थुंकला. लपवून नाही आणि रागानंही नाही. तोंडात माशी गेल्यावर माणूस थुंकतो, तसा. मग तिनं मनगटानं ओठ पुसले आणि समोरचं पातेलं पुन्हा राखेनं घासायला घेतलं. मंजुळाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उरलेल्या पिठाची तळहाताएवढी पाय, फळाचा गर भरून भाजलेली विलायती पोळी, तिनंच मघाशी बायनाबाईच्या हातावर ठेवली होती. सकाळपासून ही बाई पाणी ओढत होती, आणि चांगलं झालेलं काही आपल्या डोळ्यांदेखत कुणीतरी खावं असं मंजुळाबाईला वाटलं होतं.

"खडा लागला का?" तिनं विचारलं.

"न्हाई, वैनी."

"मग?"

बायनाबाईनं पातेलं उलटं केलं, तळाकडे बघितलं. "कडू हाय."

"काय कडू हाय?"

"ह्येच की. साहेबाची पोळी. लिंबाचा पाला वाटून घातल्यावानी लागायली. मला वाटलं, वैनी आज माझी गंमत करायल्या." ती हसली. समोरचं माणूस हसत नाही हे पाहून थांबली. "माझ्याच तोंडाला चव न्हाई आसंल. सकाळधरनं पान लई खाल्लं."

आत, देवळीखालच्या पाटावर, कोरड्या फडक्याखाली मोठी पाय होती. काठाला एकसारखी मुरड, वर चार चिरा, रंग जुन्या पितळेसारखा. पाच शुक्रवारांच्या खटपटीनंतर जमलेली. स्वयंपाकाच्या पुस्तकात तिचं नाव 'फळांची पाय' असं छापलेलं होतं. पहिल्या दिवशी ते ऐकून बायनाबाईनं विचारलं होतं, "पाय कुणाचा म्हनायचा ह्यो? कोंबडीचा का साहेबाचा?" आणि तेव्हापासून ती तिला साहेबाची पोळी म्हणत होती. मंजुळाबाईनं फडकं उचललं. वास चांगला होता. लोण्याचा, भाजलेल्या पिठाचा, थोडा वेलदोड्याचा. तिनं आणखी खाली वाकून वास घेतला. कडूपणाला वास नसतो, हे तिच्या ध्यानात आलं. बाईच्या जन्माला येऊन चोवीस वर्षं झाली होती आणि त्यातली पंधरा चुलीपुढं गेली होती, तरी ही गोष्ट आज ध्यानात येत होती. ती पाटाशेजारी खाली बसली. बाहेर घासणीचा आवाज चालूच होता.

संध्याकाळी चारला साहेब येणार होते. साहेब म्हणजे दुय्यम तालुकदार. त्यांची बदली हैदराबादला झाली होती, आणि मर्जीतला एक कारकून सोबत नेण्याची मुभा त्यांना होती. सुंदरराव तहसिलीत पेशकार होता. साहेबांपुढं कागद वाचून दाखवता दाखवता त्याचं उर्दू इतकं सफाईदार झालं होतं की तो झोपेतही कधी कधी 'हुजूर' म्हणे. सव्वा महिन्यापूर्वी त्यानं पुण्याहून टपालानं हे पुस्तक मागवलं होतं. जेवणानंतर ते तिच्यापुढं ठेवून तो म्हणाला होता, "शेवटचं प्रकरण बघ. विलायती गोड पदार्थ. हैदराबादेत अंमलदार लोक एकमेकांच्या घरी जात्यात. चहा असतो, बरोबर असलं काहीतरी असतं. तिथं भाकरी थापणारी बाई काय कामाची? तुला जमलं तर तू बी चल." आणि थोडं थांबून, पानाचा देठ खुडत, त्यानं पुढचं सांगितलं होतं. "न्हाई जमलं तर सिरसाळ्याला आईपाशी राहा. वर्साकाठी येत जाईन मी." ते त्यानं धमकी म्हणून सांगितलं नव्हतं. कचेरीतल्या कागदावर दोन कलमं असतात, तशी त्यानं दोन कलमं वाचून दाखवली होती.

सिरसाळ्याला ती नऊ वर्षं राहिली होती. त्या काळात सुंदरराव आधी आष्टीला, मग बीडला, मग इथं नोकरीवर होता, आणि सणाला दोन रात्री घरी येत होता. इथं, कागदावर ज्याला मोमिनाबाद म्हणतात आणि बाजारात आंबेजोगाई म्हणतात त्या गावात, ती आली त्याला अजून दीड वर्षही झालं नव्हतं. दोन खोल्या, एक परस, छावणीतल्या रिसाल्याचा सकाळी ऐकू येणारा बिगुल. एवढंच. पण इथं दुपारी दार लावून घेता येत होतं. कुणी विचारत नव्हतं की दार का लावलं. सिरसाळ्यात तिला दाराची कडी कुठं असते हेही माहीत नव्हतं, कारण दिवसा ती कुणी लावतच नसे. लोकांना वाटतं, माणसाला कुठंतरी जायचं असतं. तिला हैदराबाद पाहायचं नव्हतं. चारमिनार, नद्या, आगगाडी, कशाचंच तिला कौतुक नव्हतं. तिला फक्त परत जायचं नव्हतं. पण ही गोष्ट मोठ्यानं सांगता येत नाही. कोणी विचारलं असतं, सासरी काही त्रास होता का, तर तिला नाही असंच म्हणावं लागलं असतं. त्रास नव्हता. उपाशी ठेवलं नव्हतं, मारलं नव्हतं. मारलं होतं ते एकदाच.

लग्नानंतरचा पहिला आखाजीचा सण होता. ती चौदा वर्षांची. आमरसात साखर किती पडली ते बघावं म्हणून तिनं करंगळी बुडवून जिभेकडे नेली, आणि सासूनं, छबुबाईनं, गरम उलथनं त्या हातावर मारलं. चटका मोठा नव्हता. सासू मोठ्यानं बोललीही नव्हती. "देवाच्या आधी जीभ?" एवढंच म्हणाली. "तुझ्या युसूफ वडगावात अशी रीत हाय का?" नव्हती. माहेरीही, गळ्यात माळ असलेल्या त्या घरात, रांधणारीनं चव घ्यायची नाही, नैवेद्य झाल्याशिवाय बोट ओठाला लावायचं नाही, अशीच रीत होती. ती पोरगी होती म्हणून चुकली. नंतर चुकली नाही. मीठ उकळीच्या वासावरून कळायला लागलं, पुरण शिजलं की नाही ते डावाच्या आवाजावरून, पाक बोटांच्या चिमटीवरून. बायका हिच्या हाताला चव आहे म्हणत. ते शब्दशः खरं होतं. चव हातातच होती, जिभेवर कधी आलीच नाही. दर सणाला सासू तिची पोळी दोन्ही हातांनी उचलून दाराच्या उजेडात धरी, कुठं पुरण दिसतं का बघे. दिसलं तर काही बोलत नसे. ती पोळी बाजूला, गड्यांच्या टोपल्यात ठेवी. कानवल्याचं तोंड तळताना उकललं तरी तसंच. "तोंड उघडलं की घरातलं बाहेर जातं," ती म्हणे. नऊ वर्षांत मंजुळाबाईच्या हातचं तोंड उघडलं नाही.

म्हणून पहिल्या शुक्रवारी ती पाय फुटली. पुस्तकात स्वच्छ छापलं होतं की वरच्या पारीस सुरीने चार चिरा पाडाव्यात, म्हणजे वाफ निघून जाईल. तिनं ते बोट ठेवून दोनदा वाचलं. अक्षरं तिला थोरल्या भावाच्या पाटीवरून आलेली होती, जोडाक्षरांना वेळ लागे, पण हे वाक्य सोपं होतं. तरी सुरी हातात घेऊन ती बसून राहिली. एवढी एकसारखी लाटलेली पारी, एवढी घट्ट मुरड, आणि आपणच तिला भोकं पाडायची? तिनं सुरी खाली ठेवली. पातेल्यात वाळू तापलेली होती, तिच्यावर ताटली, वर झाकण, झाकणावर निखारे. थोड्या वेळानं आतून एक दबका आवाज आला, आणि काढून पाहिलं तर एका बाजूनं सगळा गर बाहेर येऊन वाळूत जळला होता. सुंदररावानं ती उरलेली अर्धी मुकाट्यानं खाल्ली. दुसऱ्या शुक्रवारी तिनं चिरा पाडल्या. डोळे मिटून नव्हे, पण हाताकडे न बघता. तेव्हा तळ कच्चा राहिला. तिसऱ्यांदा वरचे निखारे जास्त झाले. पुस्तक म्हणत होतं, पीठ थंड हातांनी मळावे. आंबेजोगाईत हात थंड कसे करायचे ते पुस्तकाला माहीत नव्हतं. ती रांजणातल्या पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवून बसे, आणि तोपर्यंत लोणी वितळे. चौथी बरी झाली. पाचवी देखणी झाली. घड्याळ नव्हतं, कचेरीवरचा एक टोल ते पुढचा टोल, त्यातून निम्मा भाग वजा, असा हिशेब तिनं बसवला होता. प्रत्येक शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, तो पाटावर बसून खाई आणि ती दाराच्या चौकटीला टेकून त्याच्या जबड्याकडे बघे. वरून अंडं फासलेलं असल्यामुळं नैवेद्याचा प्रश्न नव्हता आणि तिनं खाण्याचाही नव्हता. तिच्या गळ्यात माळ होती. जबडा हळू हलला की तिला वाटे, आवडलं. एकदा तो मधेच थांबून दाराबाहेर बघत राहिला होता. तिला वाटलं, साहेबांची आठवण झाली असेल. उरलेली तो डब्यात घालून शनिवारी कचेरीत नेई. "काय म्हणाले?" "वा म्हणाले. शिरस्तेदार तर म्हणाले, अगदी साहेबी." डबा रिकामा येई.

आता ते पाच शुक्रवार तिच्यापुढं उलटे उभे राहिले. त्याला कळलं होतं का? जीभ असलेल्या माणसाला न कळणं शक्य नव्हतं. मग तो बोलला का नाही? पहिली शक्यता, त्याला काही फरकच पडत नव्हता. पानात पडेल ते तो खात होता. पुढं सिरसाळ्याचा कागद तयार होताच. सहाव्या शुक्रवारी साहेबांनी तोंड वाकडं केलं की कलम दुसरं. त्याला बोट उचलावं लागणार नव्हतं. वाद नाही, रडारड नाही. हीच चीज बोलून जाईल. दुसरी शक्यता तिला सुचली नाही. तिनं शोधली, पण जिथं ती असायला हवी होती तिथं थकवा होता. थकवा आत्ता आला नव्हता. तो आधीपासूनच घरात होता, पाटासारखा, आणि ती आता त्याच्यावर बसली होती एवढंच. तिला वाटलं, उठावं, फडकं पुन्हा घालावं, काही ऐकलंच नाही असं करावं. कडू तर कडू. मी चाखलं नाही, मला काय माहीत? रीत तिच्या बाजूनं होती. कुणी विचारलं असतं तर हे उत्तर सिरसाळ्यातसुद्धा चाललं असतं.

तिनं पुस्तक काढलं. ते पान लोण्यानं पारदर्शक झालं होतं, पलीकडच्या पानावरची अक्षरं यातून दिसत होती. सफरचंदे सोलून फोडी कराव्यात. सफरचंद न मिळाल्यास त्या मोसमातले कोणतेही गोड व मऊ फळ घ्यावे. तेवढ्यावरून तिनं सीताफळ घेतलं होतं. डोंगरातल्या बायका टोपल्या भरून दारावर आणत होत्या आणि याहून गोड, याहून मऊ काय असतं? त्याच्या खालच्या ओळीवर तिचं बोट थांबलं. गर शिजत आल्यावर चाखून पाहावे व साखर कमी-जास्त करावी. ही ओळ तिनं पाचही वेळा वाचली होती. वाचून, दुसऱ्याच्या नावाचं पत्र बाजूला ठेवतात, तशी ती बाजूला ठेवली होती. ही ओळ इतर बायकांसाठी होती, ज्यांच्याकडे तसं करतात त्यांच्यासाठी.

टोपलीत अजून सात फळं होती. तिनं दोन फोडली, बिया काढल्या, गर तीन वाट्यांत घातला. एक वाटी तशीच ठेवली. दुसरी चुलीच्या कडेला, हाताला सोसेल एवढी कोमट केली. तिसरी निखाऱ्यावर ठेवली आणि बुडबुडे येईपर्यंत ढवळली. मग ती देवळीतल्या देवांकडे पाठ करून बसली. पाठ केल्यानं काय होतं? काही नाही, पण ती तशी बसली. करंगळीच पुढं झाली, तीच, चटका बसलेली. पहिली वाटी गोड होती, लहानपणी शेताच्या बांधावर खाल्लं तसंच. दुसरी गोडच होती. तिसऱ्या वाटीतला गर जिभेवर ठेवला तेव्हा आधी काहीच कळलं नाही, मग मागून, घशाच्या तोंडाशी, कडू आलं. काढ्यासारखं सरळ कडू नव्हतं ते. गोडाच्या आत लपून आलेलं, गिळल्यावरही तिथंच थांबणारं. तिनं पुन्हा एकदा चाखलं. मग पहिली वाटी पुन्हा चाखली, खात्री करायला. आग लागली की सीताफळ कडू होतं. इतकं साधं होतं. पुस्तक लिहिणाऱ्यानं सीताफळ कधी चुलीवर ठेवलं नसावं. सिरसाळ्यातही कुणी ठेवलं नव्हतं. ठेवायचं कारणच नव्हतं. आणि पाच शुक्रवार तिनं ते शेराच्या मापानं शिजवलं होतं, वास घेत, ढवळण्याचा आवाज ऐकत, आणि हात सांगत होता की ठीक आहे.

"बायनाबाई," तिनं दारातून हाक मारली, "पेरू मिळतील का आत्ता?"

"छावणीच्या बाजारात मिळतील की. पर आज जुम्मा, दुकानं दुपारला उघडत न्हाईत समदी."

"बघ. पिकलेले बघ. अन् पळत जा."

"पळायला मी काय रिसाल्याची घोडी हाय का?" बायनाबाई म्हणाली, पण हात धुऊन निघाली. दारात वळून म्हणाली, "माझ्या बोलन्यानं काय वंगाळ झालं का, वैनी? मी आपलं बोलून गेले."

"न्हाई. बरं झालं बोललीस."

एकचा टोल पडला तेव्हा पेरू चिरलेले होते. तिनं बिया काढून फोडी तुपावर परतल्या, साखर घातली, झाकली, आणि थोड्या वेळानं झाकण काढून चमच्यानं तोंडात टाकलं. या वेळी पाठ फिरवली नाही. साखर थोडी कमी होती. तिनं घातली, पुन्हा चाखलं. हे इतकं सोपं असतं याचा तिला राग आला नाही, नवल वाटलं. पंधरा वर्षं ती उजेड असताना डोळे बांधून चालली होती आणि न अडखळण्याबद्दल लोक तिला नावाजत होते. पीठ मळताना हात थंड नव्हते. मळलं. वरून अंड्याऐवजी दूध फासलं. ते का, हे तिनं मनाशीही नीट म्हटलं नाही. दोनचा टोल ऐकून तिनं निखारे उतरवले. दोन पाय शेजारी शेजारी ठेवल्या. सीताफळाची जास्त देखणी होती. पेरूचीचा काठ घाईत एका ठिकाणी दबला होता आणि रंग फिकट होता. तिनं तिचा काठ मोडून एक तुकडा खाल्ला. गोड. आत थोडी आंबट धार. तिला हसू आलं, आणि मग उगाच भरून आलं, आणि ते दोन्ही गेल्यावर पुन्हा नेहमीचा थकवा आला, ओळखीचा.

तीनच्या सुमाराला सुंदरराव आला. मागून एक हमाल शेजारच्या वकिलांच्या दोन खुर्च्या घेऊन आला. शेरवानीच्या गळ्याशी घाम होता. "नमाज आटोपून येत्यात साहेब," तो म्हणाला. "पेले पुसले का? झाली का? बघू."

तिनं दोन्ही दाखवल्या. तो एकीकडून दुसरीकडे बघत राहिला.

"दोन कावून?"

"ती सीताफळाची कडू झालीय," ती म्हणाली. "सीताफळ शिजवलं की कडू होतं. ही पेरूची केली. ही चांगली हाय."

"कडू?"

"तुमी पाच जुम्मे खाल्ली. तुमाला कळलं न्हाई?"

त्यानं शेरवानीचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं.

"कळलं असंल तर बोललं कावून न्हाई?" तिनं विचारलं. आवाज चढला नव्हता. चढवण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं.

"म्या काय बोलणार?" तो म्हणाला. "मला काय म्हाईत ती कशी लागाया पायजे? पैल्यांदा कडू लागली, मला वाटलं असंच असतंय त्यांचं खाणं. त्यांचा चहा बी कडूच असतो बिनदुधाचा. दारू कडू असती. गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर एकदा मुरब्बा दिलता पावाला लावून, त्यो बी कडू होता. आन् समदे खायलते की, वा वा करून." तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "दुसऱ्या जुम्म्यापासून मी सवय करून घेतली."

ही दुसरी शक्यता होती. ती शोधून सापडली नव्हती, आणि आता समोर उभी होती, गळ्याशी घाम आलेली. त्यानं काही डाव रचला नव्हता. तो पाच शुक्रवार घाबरून खात होता. कडूला कडू म्हटलं तर आपण गावंढळ ठरू, या भीतीनं तो स्वतःच्याच घरात, स्वतःच्या बायकोपुढं गिळत होता. तिला वाटलं, हे कळल्यावर आपल्याला बरं वाटायला हवं. वाटलं नाही. तिला फक्त तो जबडा आठवला, हळू हलणारा.

"ही चाखा," तिनं पेरूची पुढं केली.

त्यानं दबलेल्या काठाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. चघळताना त्याचा चेहरा सैल झाला. एक क्षण तो सिरसाळ्याच्या ओसरीवर बसलेला पोरगा दिसला. मग तो चेहरा लगेच आवरला गेला.

"आईच्या कानवल्यावानी लागती," तो म्हणाला.

"वाईट हाय का?"

"वाईट कोण म्हणतंय? लई चांगली हाय." त्यानं बोटं चाटली आणि ती शेरवानीला लागणार नाहीत अशी लांब धरली. "पर साहेबाला काय कानवले खायला बोलावलंय का? कानवले त्यांचा शिपाई बी देईल. नेहमीची वाढ. कचेरीतल्यांनी तीच साहेबी म्हणून सांगितलंय त्यांना."

"कडू हाय म्हणते मी."

"असू दे थोडी. असतीच." मग आवाज खाली आणून, विनवल्यासारखा, "अगं, आता येळ न्हाई. नेहमीची वाढ."

ती वाद घालू शकली असती. पण कशासाठी? चांगली वाढली आणि साहेबांना ती कानवल्यासारखी लागली तर सिरसाळा. कडू वाढली आणि ती कडू लागली तर सिरसाळा. चांगल्या-वाईटाचा प्रश्नच इथं नव्हता. ती पाच आठवडे स्वयंपाकाच्या परीक्षेला बसली आहे असं समजत होती, आणि परीक्षा कशाची होती हे कुणालाच, परीक्षा घेणाऱ्यालाही, माहीत नव्हतं. तिनं देखणी पाय उचलली आणि सुरीनं तिचे सहा भाग केले.

चारच्या टोलानंतर साहेब आले. ती मधल्या दाराच्या पडद्यामागं उभी राहिली. फटीतून तिला फक्त एक गुडघा, एक खुर्चीचा पाय आणि बशी धरलेला हात दिसत होता, स्वच्छ नखांचा. बोलणं पाऊसपाण्याचं झालं, कचेरीतल्या कुठल्याशा कागदांच्या मिसलीचं झालं. मग चमच्याचा आवाज आला. एकदा. ती थांबली. दोनदा. तिला स्वतःच्या घशाच्या तोंडाशी दुपारचं कडू पुन्हा जाणवलं, जणू तो घास तिनंच घेतला होता.

"वाह," साहेबांचा आवाज आला. "पेशकारसाब, ये घर में बनाए?"

"जी हुजूर. किताब देख के."

"कमाल है. सिकंदराबाद में एक दावत में खाया था मैं. बिल्कुल वैसाइच. थोडा कडवा, हल्का-सा. अंग्रेज लोगां ऐसाइच पसंद करते."

"जी, जी हुजूर," सुंदरराव म्हणाला. त्याच्या आवाजात जी सुटका होती ती पडद्यातून आत आली. "थोडा कडवाइच रहता वो."

परसात बायनाबाई चहाचं आधण उतरवून बसली होती. मंजुळाबाई पडद्यापासून निघाली, पेरूची पाय घेऊन मागच्या पायरीवर तिच्याशेजारी बसली. तिनं सुरी आणली नाही, हातानंच मोडली. दोघींनी खाल्लं. बायनाबाईनं पहिला घास तोंडात धरून ठेवला, जपून, मग गिळला.

"ह्ये ग्वाड हाय," ती म्हणाली.

"हं."

"मग साहेबाला ह्ये कावून न्हाई दिलं?"

"त्यांना दुसरं लागतं."

बायनाबाईनं यावर विचार केला. "मोठ्या माणसांचं काय खरं न्हाई," ती म्हणाली आणि दुसरा तुकडा घेतला. आतून हसण्याचा आवाज आला, खुर्ची सरकल्याचा, आणि मग दोघांची पावलं पायऱ्या उतरून जाण्याचा. एकाची करकरत्या बुटांची, दुसऱ्याची अनवाणी, मागं मागं.

उन्हं अजून भिंतीवर होती. सुंदरराव साहेबांना टांग्यापर्यंत पोचवून परत आला तेव्हा तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरच बसला, शेरवानीसकट. "झालं," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत निघायचं. परळीपर्यंत बैलगाडी, पुढची सोय साहेब करणार. तू बी." तो तिच्याकडे बघून हसला, खरंखुरं, आणि तो हसला की बरा दिसतो हे तिला फार दिवसांनी आठवलं. "घरचं खटलं घेऊन या म्हणाले. तिथं दर जुम्म्याला लोक येतील, म्हणाले, ही चीज पायजेच. आईला पत्र टाकतो उद्या."

मंजुळाबाई बशा उचलत होती. एक सुंदररावाची, चाटून पुसून साफ. दुसरी साहेबांची. तिच्यात वरची पारी उपडी पडलेली होती, तुकडा खाऊन टाकून दिल्यासारखी. तिनं ती बोटानं उचलली. खाली सगळा गर होता. एक घास सोडून सगळा, चमच्यानं नीट दाबून पसरलेला, आणि वर पारी झाकलेली. लहान पोरं नावडती भाजी भाकरीखाली लपवतात तसा. स्वच्छ नखांच्या त्या हातानं हे केव्हा केलं ते फटीतून दिसलं नव्हतं. तिनं सुंदररावाकडे पाहिलं. तो बटणं काढत होता, पुटपुटत होता, पंधरा दिवसांत काय काय न्यायचं ते मोजत होता. बशी त्याच्यापुढं धरली असती तर एका क्षणात त्याला सगळं दिसलं असतं. तो किती वेळ बघत राहिला असता? आणि मग दर शुक्रवारी, परक्या शहरात, तो तिघा-चौघांच्या तोंडाकडे बघत बसला असता, तीही बसली असती. तिनं पारी होती तशी पुन्हा ठेवली आणि सगळंच परसातल्या घमेल्यात टाकलं. तिथं सकाळच्या सीताफळांच्या साली आणि बिया होत्या.

"ते मोठं पातेलं घे बरोबर," तो आतून म्हणाला. "वाळूचं. आन् पुस्तक."

"घेते." तिनं बशी राखेत उपडी केली. दाराशी टोपलीत पाच फळं उरली होती, उद्यापर्यंत मऊ होणारी. "तिकडं सीताफळं मिळत्यात का?"

"हैदराबादला? लई. मोसमात नुसत्या गाड्यावर गाड्या येत्यात."

"बरं," ती म्हणाली.